अर्ध्या कपातला शेवटचा घोट

काल दुपारी त्या कपातला शेवटचा घोट कोणी घेतला?

मंडळी, या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नाही. भाषणाची सुरुवात अशी करत नाहीत, हे मात्र माहीत आहे. आधी मान, मग मुद्दा, असं कॉलेजात वक्तृत्वाच्या सरांनी शिकवलं होतं. तेव्हा आता मान देते. प्रश्न तेवढा हाताशी ठेवा, तो पुन्हा लागणार आहे.

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या पोलीस ठाण्याचे प्रमुख, आदरणीय साहेब, त्यांच्या शेजारी, पण चांगलं अंतर राखून बसलेल्या आपल्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरबाई, बाबांच्या बरोबर इतकी वर्षं उन्हातान्हात उभे राहिलेले, आज ठाण्याला लागूनच असलेल्या या सभागृहात, फोनकडे कान ठेवून बसलेले दुसऱ्या तुकडीचे सर्व कर्मचारी, आपापल्या इमारतींची काळजी वाहणारे जिन्याचे सोबती, आणि त्यातही ज्यांचा वेगळा उल्लेख केला नाही तर उद्या मला जिना चढू देणार नाहीत, त्या शिवणकामवाल्या काकू, भिंतीपलीकडे पोलीस वसाहतीत आपापल्या खिडक्यांशी बसून माझा आवाज ऐकणारे पहिल्या तुकडीचे सगळे काका आणि त्यांच्या घरची माणसं, माझी आई, आणि आजचे सत्कारमूर्ती, माझे बाबा. आपणा सर्वांना नमस्कार.

सत्कारमूर्ती घरी आणि त्यांची मुलगी सभागृहाच्या बाहेर, व्हरांड्यात, खिडकीपाशी भोंगा घेऊन उभी, असा समारंभ आपल्यापैकी कोणी पाहिला नसेल. मीही पाहिलेला नाही. म्हणून आधी खुलासा करते. बाबांना काल दुपारपासून ताप आहे. अंग मोडून आलं आहे, खोकला कोरडा आहे. घशाचा नमुना सकाळी तपासणीला गेला. अहवाल उद्या येईल. हा तो नवा फ्लू आहे की साधं सर्दीपडसं, हे या घडीला डॉक्टरबाईंनाही सांगता येणार नाही. मी त्याच घरात राहते, त्याच ताटवाट्यांत जेवते. म्हणून मी आत आलेले नाही आणि येणारही नाही. खुर्च्या लांब लांब का मांडल्या, खिडक्या सताड उघड्या का ठेवल्या, दारात प्रत्येकाच्या हातात मुखपट्टी का दिली आणि चहापाणी का नाही, याचं उत्तर आपल्याला मिळालं असेल.

मग समारंभ रद्दच का केला नाही? मी साहेबांना तेच विचारलं होतं. ते म्हणाले, "रद्द केला तर आत्ता तासाभरात वसाहतीत दहा गोष्टी पसरतील. त्यापेक्षा तू एकदाच, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोल." भोंग्याचं तोंड मी अशा बेताने धरलं आहे की आवाज अर्धा सभागृहात यावा आणि अर्धा वसाहतीत जावा. ही युक्ती बाबांची.

बाबांना आपण सगळे भोंगा हवालदार म्हणता. त्यांचं खरं नाव पगाराच्या दिवशीच कोणाला तरी आठवत असे. गाडीच्या टपावरचा भोंगा बिघडला की ते हा हातातला घ्यायचे, आणि हाही बिघडला तर नुसत्या आवाजावर काम भागवायचे. हरवलेली मुलं त्यांच्या आवाजाने सापडली. पाणी कधी जाणार, कोणता रस्ता बंद आहे, हे या भागाला त्यांच्याच तोंडून कळलं. घरातही त्यांची तीच तऱ्हा. आई डबा भरून ठेवायची आणि हे स्वयंपाकघरातून पुकारायचे, "डबा तयार आहे, संबंधितांनी घेऊन जावा." घरात संबंधित अशी मी एकटीच.

माझा पदवीचा निकाल लागला तेव्हा आमच्या घरात पदवी म्हणजे नेमकं काय मिळतं, कागद की बिल्ला, यावर आईबाबांची बरीच चर्चा झाली होती. आमच्याकडे त्याआधी कोणी तिथवर पोचलेलंच नव्हतं. निकाल हातात पडला आणि बाबा उठून खाली गेले. थोड्या वेळाने वसाहतीत आवाज घुमला, "सर्व रहिवाशांना कळवण्यात येते की या वसाहतीतील एक मुलगी पदवीधर झालेली आहे. तरी सर्वांनी नोंद घ्यावी." सरकारी भोंग्यावरून खासगी बातमी दिली म्हणून तेव्हाच्या साहेबांनी त्यांना समज दिली. बाबा म्हणाले, "समज मिळाली. आमच्या घरात तिची कमतरता होतीच."

हे मी हसत सांगते आहे, पण पुढचं सगळं हसण्यासारखं नाही.

पदवीनंतर मला आरोग्य केंद्रात कंत्राटी काम मिळालं. काम असं की नवा फ्लू आपल्या भागात शिरलाच, तर लोकांनी आणि पोलिसांनी काय करायचं हे आधी ठरवून ठेवायचं. आधी, हा शब्द महत्त्वाचा. पहिल्या बैठकीला मी ठाण्यात गेले तेव्हा सगळे माझ्याकडे हवालदाराची पोरगी म्हणून कौतुकाने बघत होते. मी बोलायला लागले आणि कौतुक ओसरलं. बाबा मागच्या बाकावरून म्हणाले, "फ्लू म्हणजे सर्दीचा थोरला भाऊ. त्याला एवढी सलामी कशाला?" सगळे हसले. मीही हसले, कारण तोवर मीही तो फ्लू कागदावरच पाहिला होता.

मग डॉक्टरबाई मला शेजारच्या शहरात घेऊन गेल्या. तिथे साथ आधीच पोचली होती. दवाखाना पाहिला, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. मला आजही झोपेतून उठवतं ते तिथलं पोलीस ठाणं. दार उघडं होतं. आत टेबलं, खुर्च्या, भिंतीवर टोप्या. माणूस एकही नाही. निम्मे तापाने घरी होते, उरलेले दवाखान्याच्या गर्दीत अडकले होते. आणि टेबलावरचा फोन वाजत होता. वाजून बंद पडायचा, आणि पुन्हा वाजायला लागायचा. पलीकडे कोण होतं, त्याला काय हवं होतं, ते कोणाला कधीच कळणार नाही. मी तो उचलायला पुढे झाले तर डॉक्टरबाईंनी माझा हात धरला. "उचलून सांगणार काय?" त्या म्हणाल्या.

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते जेवत होते. त्यांनी एकच विचारलं, "फोन वाजत होता आणि ठाण्यात कोणी नव्हतं?" मी हो म्हटलं. त्यांनी ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपवून ते मला म्हणाले, "चल, कुठल्या इमारतीपासून सुरुवात करायची?"

आपली तयारी अशी उभी राहिली. एकेका जिन्याला एक सोबती मिळाला. त्या जिन्यात कोण म्हातारं माणूस एकटं राहतं, कोणाला रोजचं औषध लागतं, कोणाच्या घरी तान्हं मूल आहे, हे त्याला ठाऊक असायचं. काकूंनी तर पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "माझ्या जिन्यात ज्याला आजारी पडायचं असेल त्याने आधी माझी परवानगी काढायची." तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, "आणि मरायचं असेल तर?" काकू म्हणाल्या, "त्याला नकारच मिळेल. शिवलेल्या मुखपट्ट्या वाया जातील." त्या पट्ट्यांपैकी एक आत्ता या भोंग्याच्या तोंडावर बांधली आहे. काकू, शिवण पक्की आहे.

पोलिसांचं काम काय, यावर बरेच वाद झाले. लोकांना घरात कोंडणं एवढंच का? नाही, असं ठरलं. आजाऱ्याच्या दारात औषध पोचवणं, दवाखान्याच्या रांगेत माणसामाणसात अंतर ठेवणं, कोठडीतल्या माणसाला ताप आला तर त्याला कुठे न्यायचं हे आधीच पक्कं करणं, आणि खोट्या बातमीच्या आधी खरी बातमी भोंग्यावरून देणं. ठाण्याच्या दोन तुकड्या केल्या. पहिली पुढच्या दाराने येणार, दुसरी मागच्या. एकमेकांची तोंडं बघायची नाहीत. एक तुकडी आजारी पडली तरी दुसरी शाबूत राहावी, फोन उचलायला माणूस असावा, एवढ्यासाठी.

आणि दोन्ही तुकड्या गेल्या तर? हे मी बैठकीत विचारलं. त्यावर एक शेवटचं कलम लिहिलं गेलं. आरोग्य केंद्राच्या साथ-सहायकाने, म्हणजे मी, साथ न पोचलेल्या शेजारच्या ठाण्याला फोन करायचा, आणि त्यांच्या माणसांनी येऊन आपलं ठाणं ताब्यात घ्यायचं. कोणाला विचारायचं नाही, कोणाची सही लागायची नाही. बाबांनी त्याला कडाडून विरोध केला. "पोरीच्या एका फोनवर ठाणं रिकामं? जग हसेल आपल्याला. आणि नुसती सर्दी निघाली तर?" मी म्हटलं, "तर मला हसतील, आणि माझं कंत्राट जाईल." साहेबांनी सही केली. मला वाटतं, तो फोन कधी करावा लागणार नाही या भरवशावर केली.

आता अर्ध्या कपाबद्दल बोलते. साहेब, आपण ज्याबद्दल लेखी हुकूम काढला होता, त्याबद्दल.

बाहेरच्यांना हे माहीत नसेल. आपल्या ठाण्यात पाळी बदलते तेव्हा जाणारा माणूस चहाचा कप अर्धा पितो आणि येणाऱ्याच्या हातात देतो. उरलेला अर्धा येणाऱ्याने प्यायचा. कप दिला की ड्यूटी दिली. कप घेतला की आता जे होईल ते माझं. किल्ल्या, वायरलेसचा संच, सह्या हे सगळं नंतर. ही रीत कोणी सुरू केली ते कोणाला सांगता येत नाही, पण एकदा पुरात कोणीतरी कप न देताच निघून गेला, तर येणारा माणूस तासभर दारातच उभा राहिला, ड्यूटी मिळाली नाही म्हणून. बाबा ही गोष्ट फार अभिमानाने सांगतात.

आपली रंगीत तालीम झाली, त्या दिवशी मी काय केलं ते आठवा. एका काकांना आजारी ठरवलं आणि त्यांच्या हाताओठांना कपड्यांना घालायची नीळ चोळली. बाकी सगळं नेहमीसारखं करा, असं सांगितलं. लोकांशी वागताना सगळे अगदी शहाण्यासारखे वागले. मुखपट्टी, अंतर, बोट ठेवायला जागा नव्हती. मग पाळी बदलली. आणि पाळी बदलल्यावर मी सगळ्यांना आरशासमोर उभं केलं. निळ्या मिशा, निळ्या हनुवट्या, निळे ओठ. भोंगा हवालदारांच्या नाकाच्या शेंड्यावरही नीळ. लोकांपासून सगळे लांब राहिले, पण एकमेकांपासून कोणीच नाही. साथ ही लोकांना होणारी गोष्ट आणि आपण ती आवरणारे, असं या ठाण्यातल्या प्रत्येकाला मनातून वाटत होतं. ही चूक पोलिसांकडूनच होऊ शकते. त्यात वाईट मनाचं काहीच नाही, म्हणून तर ती इतकी भीतीदायक.

सगळे हसले त्या दिवशी. बाबा आरशात बघून म्हणाले, "शोभतं की." साहेब हसले नाहीत. त्यांनी त्याच दुपारी हुकूम काढला. अर्धा कप बंद, मोडेल त्याची चौकशी.

काल बाबांची शेवटची पाळी होती.

आज सकाळी ताप वाढला तेव्हा मी त्यांच्या खोलीच्या दारात उभी राहून विचारलं, "बाबा, काल कोणाकोणाच्या जवळ गेला होतात?"

"ड्यूटीवर माणूस जवळ जायला जातो का? काम केलं."

"अर्धा कप?"

ते भिंतीकडे वळले. आई म्हणाली, "सांगा की. पोरगी विचारतेय, कोर्ट नाही."

"घेतला," बाबा म्हणाले. "म्हणजे मी दिला. शेवटचा दिवस होता. एकाला दिला तर दुसरा म्हणाला मला का नाही. सगळ्या पहिल्या तुकडीने एकेक घोट घेतला. नाही कसं म्हणू? तीस वर्षं ज्यांच्या हातात कप दिला, त्यांना शेवटच्या दिवशी रिकाम्या हाताने पाठवू?"

मंडळी, मला राग यायला हवा होता. मला ते चित्र दिसलं, एक कप आणि त्याभोवती उभी असलेली ती मोठी मोठी माणसं, आणि राग आला नाही. नंतर पुन्हा तेच चित्र दिसलं तेव्हा प्रत्येकाच्या ओठावर नीळ होती.

बाबा म्हणाले, "संध्याकाळपर्यंत थांब. सत्कार होऊन जाऊ दे. मी लांब बसतो, तोंड बांधतो. उद्या कळव काय कळवायचं ते."

"आणि ज्यांनी घोट घेतला ते आज दिवसभर कुठे कुठे जातील?"

"ते माझ्यापायी चौकशीत अडकतील. हुकूम लेखी आहे. माझं काय, मी सुटलो. त्यांच्या नोकऱ्या आहेत."

त्यांचा इस्त्री केलेला गणवेश खुंटीवर होता. बटणं आईने काल रात्रीच चमकवून ठेवली होती. मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर कदाचित थांबले असते.

मी ठाण्याच्या फाटकाबाहेर उभी राहिले आणि साहेबांना अंगणात बोलावून घेतलं. सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हुकूम मोडला आहे." मी म्हटलं, "हो." ते म्हणाले, "तुझे वडील आहेत." मी म्हटलं, "हो साहेब." मग ते म्हणाले, "चौकशी लावायला हवी." तेव्हा मी माझी पायरी सोडून बोलले. मी म्हटलं, "लावा. पण मग यापुढे या ठाण्यात कोणालाही ताप आला तरी तो तुम्हाला सांगणार नाही. गोळी घेऊन पाळीवर येईल." साहेब वसाहतीच्या दिशेने वळले. मग म्हणाले, "चौकशी नाही. पहिली तुकडी घरी. दुसरी ठाणं सांभाळेल." आणि वसाहतीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी स्वतः हाका मारून एकेकाला घरात राहायला सांगितलं. साहेब, याबद्दल मी आपली जन्मभर ऋणी राहीन. आपण त्या वेळी शिक्षेचं बोलला असता, तर पहिल्या तुकडीतल्या अर्ध्या लोकांनी कपाला हातही लावला नव्हता असं सांगितलं असतं.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या बऱ्याच जणांना कानोकानी कळली असेल. यापुढची साहेबांखेरीज कोणाला माहीत नाही.

आपण सगळे येऊन बसत होता तेव्हा माझा फोन वाजला. आई होती. म्हणाली, "तुझ्या बाबांना काही सांगायचंय. भोंग्याचा माणूस कुजबुजतोय, नीट ऐक."

बाबा म्हणाले, "पहिल्या तुकडीचेच नव्हते. दुसऱ्या तुकडीतला एक आला होता. मागच्या दाराने. म्हणाला, काका, तुमच्या हातचा घोट घेतल्याशिवाय तुम्हाला कसं जाऊ देऊ. कपाच्या तळाशी थोडा उरला होता. तो त्याने घेतला."

"कोण?"

"नाव विचारू नकोस. मी त्याला शब्द दिलाय." मग खोकला आला. तो थांबेपर्यंत मी फोन कानाला धरून होते. "तो आत बसला असेल आत्ता. त्याला सगळ्यांसमोर उभं करू नकोस, पोरी."

आता कोणीतरी खोकलं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या, मी बघितलं. मंडळी, माना वळवू नका. खोकला धुळीनेही येतो, आणि तो घोट ज्याने घेतला तो कदाचित अजून खोकतही नसेल. हीच या आजाराची खोड आहे. पण तुमच्या माना वळल्या ना, त्याचीच मला तापाइतकी भीती वाटते. उद्यापासून या भागात कोणी शिंकलं की त्याच्याकडे अशाच नजरा जातील. मग माणसं शिंक दाबतील, ताप लपवतील, पोराला खोकला असला तर खिडकी लावून घेतील. जिन्याच्या सोबत्यांनो, तुमचं खरं काम तेव्हा सुरू होईल. आजारी घरात विचारायला जाल तेव्हा आधी जेवलात का, असं विचारा. ताप आहे का, हे मागाहून.

मी घाबरलेली आहे, हे मी लपवणार नाही. मला बाबांसाठी भीती वाटते. रात्री त्यांचा श्वास चढेल का, या भीतीने आज आई त्यांच्या दाराबाहेर अंथरूण टाकणार आहे. मला आईसाठी भीती वाटते. दुपारपासून मी स्वतःच्या कपाळाला इतक्या वेळा हात लावला आहे की ते मलाच गरम लागतं. आणि मला त्या माणसासाठी भीती वाटते जो आत्ता या सभागृहात बसला आहे, ज्याला माहीत आहे की तो मीच, आणि जो विचार करतो आहे की हात वर करावा की नाही. त्याच्या शेजारी त्याचे मित्र आहेत. काल त्याने माझ्या बाबांवरच्या मायेपोटी जे केलं, त्याबद्दल आज त्याला सगळ्यांसमोर मान खाली घालावी लागणार असेल, तर तो हात वर करणार नाही. मी त्याच्या जागी असते तर मीही केला नसता.

म्हणून मी विचारणार नाही. सुरुवातीला विचारलेला प्रश्न मी परत घेते.

आता मला माझं काम उरकायला हवं. या समारंभाला अध्यक्ष म्हणून लाभलेल्या साहेबांचे, आणि पहिल्या दिवसापासून मला मुलीसारखं रागावणाऱ्या डॉक्टरबाईंचे मी मनापासून आभार मानते. काकूंचे आणि सर्व सोबत्यांचे आभार मानते. तुमचे जिने मला माझ्या घराच्या जिन्याइतके पाठ झाले आहेत. भिंतीपलीकडच्या काकांनो, तुम्ही आज खिडकीतून ऐकत बसलात, एकानेही उंबरा ओलांडला नाही, हा बाबांचा सगळ्यात मोठा सत्कार आहे. मानचिन्ह घरी पोचेल, पुसून, कापडात गुंडाळून. माझ्या बोलण्यात कोणाचा मान राहून गेला असेल, लहान तोंडी काही मोठं आलं असेल, बापाची चूक मुलीने चारचौघांत सांगितली म्हणून कोणाला टोचलं असेल, तर ते माझ्या भीतीच्या पदरी बांधा आणि पोटात घाला. आणि बाबा, तुम्ही ऐकताय. तुमचा शब्द मी मोडलेला नाही. त्याला उभं केलेलं नाही.

आता निघताना घाई करू नका. पहिल्यांदा जिन्याचे सोबती पुढच्या दाराने, एकेक करून. मुखपट्टी घरी पोचेपर्यंत काढायची नाही. दुसऱ्या तुकडीने मागच्या दाराने जायचं, पण ठाण्यात नाही. घरी. सगळ्यांनी. ज्याने घोट घेतला त्यानेही आणि ज्यांनी नाही घेतला त्यांनीही, अगदी सारखं. किल्ल्या आणि वायरलेसचे संच मागच्या टेबलावर ठेवा, हातात हात देऊन नाही. घरी खोली वेगळी करता आली तर करा, नाही तर खिडकी उघडी ठेवा. उद्या डॉक्टरबाई प्रत्येकाच्या दारात येतील. कोणालाही कोणाचं नाव विचारणार नाहीत. सगळेच घरी बसले की कोणी एकटा उठून दिसत नाही.

तुम्ही विचाराल, मग ठाण्यात कोण?

हा भोंगा तोंडाला लावण्याआधी मी एक फोन केला. मग साहेबांना व्हरांड्यात बोलावून बाबांचा निरोप सांगितला, तेव्हा लांबूनच त्यांनी विचारलं, "शेवटच्या कलमाबद्दल विचारायला थांबलीस का?" मी म्हटलं, "नाही साहेब. फोन करून झाला." त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली आणि म्हणाले, "मग बोल. ते येईपर्यंत माणसं बसवून ठेव."

ते आले आहेत. मी बोलत असतानाच फाटकापाशी गाडी थांबली. उद्याचा अहवाल साध्या सर्दीचा आला तर जग मला हसेल, आणि त्या दिवशी सगळ्यात मोठ्याने मी हसेन. पण आत्ता जरा शांत राहा आणि ऐका. ठाण्यातला फोन वाजतो आहे.

उचलला. तो आवाज आपल्यापैकी कोणाचा नाही. त्या माणसाला मी बोलावलं आहे.